गरजेपुरतं

"मामा, एक काम आसा," असं म्हणून भाच्याने फोनवर सुरुवात केली तेव्हा मी फोंड्याच्या बाजारात माटोळीसाठी तोरिंजनं निवडत होतो. 2022 सालची चवथ चार दिवसांवर आली होती. इंग्लंडहून तो एरवी रविवारी फोन करतो, तोही आईला. मला, आणि आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे काम कागदपत्रांचंच असणार हे मी ओळखलं. नोटरीच्या कचेरीत अडतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला नातेवाईक दुसऱ्या कशासाठी फोन करतात?

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मोठा मुलगा. भावोजींचा जन्म 1961च्या आधीचा, त्यामुळे लिस्बनच्या दप्तरात आधी त्यांचा, मग मुलांचा जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा हा आपल्याकडचा राजमार्ग त्यांच्याही घराने धरला. 2015 साली भाचा विलायतेला गेला. स्विंडन नावाच्या गावी गोंयकारांची मोठी वस्ती आहे हे आता इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तिथल्याच एका गोदामात तो लागला. 2021च्या नोव्हेंबरात वरच्या फळीवरचा माल त्याच्या अंगावर कोसळला आणि कंबरेच्या मणक्यांत दुखापत झाली. दोन महिने अंथरुणात. नंतर कामावर गेला तो वाकायचं नाही, उचलायचं नाही या अटीवर, आणि गोदामात त्या अटीवर काम असतं तरी किती?

त्याने नुकसानभरपाईचा दावा केला. तिथे असे दावे घेणारे वकील 'जिंकलो तर फी, हरलो तर काही नाही' या बोलीवर काम करतात. त्याला एक वकीलबाई मिळाल्या. अपघातापासून तीन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता समोरून विमा कंपनीचं उत्तर आलं होतं, की याचं कंबरेचं दुखणं जुनंच आहे. पुरावा? भाच्याने 2016 साली तिथल्या डॉक्टरकडे नाव घालताना स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 2011, गोवा, मोटारसायकलचा अपघात, इस्पितळात दोन आठवडे.

आणखी एक पुरावा त्यांनी जोडला होता. तो ऐकून मला बाजारातच हसू आलं. फेसबुकवरचा एक फोटो. भाचा विसर्जनाला गणपतीची मूर्ती उचलून चालला आहे. एवढं वजन उचलतो तो आजारी कसा, असा प्रश्न. फोटो 2019चा होता. अपघाताच्या दोन वर्षं आधीचा.

त्या जुन्या अपघातात कंबरेला काही झालं नव्हतं. मनगट मोडलं होतं आणि डोक्याला मार लागला होता. हे सिद्ध करायला इथल्या इस्पितळाचे कागद हवे होते. त्याने सही केलेलं अधिकारपत्र मेलवर पाठवलं. 'माझ्या मामाला माझे सर्व वैद्यकीय कागद मिळवण्याचा अधिकार देतो.' सोबत पासपोर्टची प्रत आणि वकीलबाईंच्या कचेरीचं एक लांबलचक माहितीपत्रक. "ते इंग्लीश मला कळत नाही मामा, तू बघ." मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. चवथीच्या गडबडीत कोण बघतो?

चवथ आटोपल्यावर इस्पितळात गेलो. कुठलं ते सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वीचे कागद मिळतील अशी आशा नव्हती. आपल्याकडे डॉक्टरांच्या नियमावलीप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवायचे असतात, पुढे ज्याची त्याची मर्जी. पण रस्त्यावरचा अपघात म्हणजे पोलिसांची नोंद, पुढेमागे कोर्टात लागेल म्हणून अशी फाइल सहसा जपून ठेवतात. तशी ती होती. रेकॉर्ड रूममधला माणूस आत जाऊन वीस मिनिटांनी आला आणि खिडकीतून, माझ्यामागच्या सात-आठ माणसांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दोन गठ्ठे आहेत. एक हाडांचा, एक मानसोपचाराचा. दोन्ही हवेत?"

मला दुसरा गठ्ठा कसला ते माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. त्या क्षणी मी 'फक्त हाडांचा' म्हणालो असतो तर हा लेख लिहायला घेतला नसता. अधिकारपत्रात 'सर्व' लिहिलं होतं ही सबब माझ्याकडे होती. खरं कारण साधं आहे. मला बघायचं होतं.

"दोन्ही," मी म्हणालो.

रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही गठ्ठे वाचले. हाडांचा गठ्ठा भाचा म्हणत होता तसाच होता. मनगट, टाके, कंबरेचा उल्लेखही नाही. दुसऱ्या गठ्ठ्यात अकरा पानं. अपघातानंतर आठ महिने हा मुलगा दर दुसऱ्या शनिवारी त्या विभागात जात होता. त्या शनिवारांची मला आठवण आहे. आम्ही समजत होतो की तो पणजीला कॉम्प्युटरच्या वर्गाला जातो. म्हैस आडवी आली म्हणून अपघात झाला, असं घरात आजही सांगतात. पहिल्या पानावर तरुण डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात तीन ओळी होत्या, त्यांत म्हैस नव्हती. यापुढचं लिहीत नाही. एवढंही लिहिलं ते त्याला विचारून, आणि 'गाव घालू नको' या त्याच्या अटीवर.

दुसऱ्या दिवशी फोन केला.

"कागद मिळाले," मी म्हटलं. "दोन गठ्ठे आहेत."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू वाचलंस?"

"वाचलं."

"आई?"

"नाही. आणि कळणारही नाही."

"आता ते सगळं तिकडे जाणार मामा. मी सही करून दिलीय ना सगळ्यावर."

तेव्हा मला ते न वाचलेलं माहितीपत्रक आठवलं. त्याला म्हटलं, थांब, चार दिवस दे. एक पानसुद्धा पाठवत नाही.

आता त्या कायद्याविषयी थोडं. युरोपीय संघाचा जीडीपीआर नावाचा कायदा 2016च्या एप्रिलात संमत झाला आणि 25 मे 2018पासून लागू झाला. ब्रिटन संघातून बाहेर पडला तरी हा कायदा त्याने आपल्या दप्तरात उतरवून घेतला, घर सोडताना भांडी उचलून न्यावीत तसा. कलमांचे आकडेसुद्धा तेच राहिले. त्यातलं नववं कलम माणसाच्या अगदी आतल्या गोष्टींचं आहे. वंश, राजकीय मतं, धर्म, कामगार संघटनेचं सदस्यत्व, जनुकं, ओळख पटवण्यासाठी घेतलेले बोटांचे ठसे वगैरे, आरोग्य, लैंगिक जीवन. या गोष्टींची माहिती वापरायला मुळात बंदीच आहे. आधी बंदी आणि मग दहा अपवाद, अशी कलमाची रचना.

ही यादी हवेतून आलेली नाही. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदीत माणसाचा धर्म लिहिलेला असे. सरकारी कामाच्या सोयीसाठी. नाझी आले तेव्हा ज्यूंना शोधायला त्या नोंदी आयत्या सापडल्या. 1943च्या मार्चमध्ये प्रतिकार करणाऱ्या काही लोकांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच उडवून दिलं, तरी बरीच कार्डं वाचली. आणि आपल्याला इतक्या लांब जायची गरजही नाही. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या गोंयकार तरुणाने रक्तदान केलं, त्या रक्ताच्या तपासणीतून त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं, आणि पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात 64 दिवस डांबून ठेवलं. त्याची आई लुसी हिने उच्च न्यायालयात धाव घेतली. एका तपासणीचा कागद चुकीच्या हातात गेला की माणसाचं काय होतं, हे माझ्या पिढीच्या गोव्याने पाहिलेलं आहे.

तर, दहा अपवादांपैकी पहिला संमतीचा. भाच्याची समजूत होती, आणि माझीही, की सगळं या सहीवर चाललं आहे. माहितीपत्रकात तसं नव्हतं. तिथे लिहिलं होतं की तुमच्या आरोग्याची माहिती आम्ही संमतीच्या आधारे वापरत नाही, नवव्या कलमाच्या 'एफ' पोटकलमाच्या आधारे वापरतो. त्याचा अर्थ असा, की कायदेशीर दावा उभा करायला, चालवायला किंवा दाव्यापासून स्वतःचा बचाव करायला आवश्यक असेल तर ही माहिती वापरता येते. कोर्टातच जायला हवं असंही नाही, कोर्टाबाहेरच्या तडजोडीलाही हे लागू आहे असं कायद्याच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे.

ते वाचून मी चमकलो. संमती परत घेता येते, हा अपवाद मागे घेता येत नाही. आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच आहे. 'बचाव करायला' म्हणजे विमा कंपनीलाही. ज्या कंपनीशी भाचा भांडतोय तिला त्याच्या मणक्याची माहिती बाळगायला त्याच्या परवानगीची गरज नाही. तो फोटोही त्यांनी उगाच वापरला नव्हता. माणसाने स्वतःहून चारचौघांत उघड केलेली गोष्ट हा आणखी एक अपवाद. गणपती उचललेल्या फोटोत धर्मही आला आणि कंबरही.

भाच्याला सांगितलं तर तो भडकला. "म्हणजे माझी सही घेतली ती नाटक म्हणून?"

नाटक नव्हे. सही कागद मिळवण्यासाठी होती. इस्पितळाने ते माझ्या हातात द्यावेत म्हणून. पुढे त्यांचं काय करायचं याचा आधार निराळा. पण हा फरक नोटरीच्या कारकुनाला कळायला दोन रात्री लागल्या, तर गोदामातल्या मुलाला फोनवर कसा कळावा?

पहिल्यांदा मलाही हा अपवाद अन्यायाचा वाटला. मग त्याच्या उलट बाजूचं एक प्रकरण वाचनात आलं. इंग्लंडमध्ये बांधकाम कंपन्यांनी मिळून कामगारांची एक काळी यादी चालवली होती. 'कन्सल्टिंग असोसिएशन' नावाच्या संस्थेच्या कपाटात तीन हजारांहून जास्त कामगारांची कार्डं. हा संघटनेचा माणूस, याने साइटवर सुरक्षेची तक्रार केली, असले शेरे. कामावर घेण्याआधी कंपन्या तिथे फोन करून नाव विचारत. माणसाला वर्षानुवर्षं काम मिळत नसे आणि का ते कळत नसे. 2009 साली तिथल्या माहिती आयुक्ताच्या कचेरीने धाड घालून कार्डं जप्त केली. ती जाळून टाकली असती तर खासगीपणाचं रक्षण झालं असतं असं कोणी म्हणालंही असतं. पण ती ठेवली, कामगारांना आपलं कार्ड मागता आलं, आणि त्याच कार्डांच्या जोरावर शेकडो जण कोर्टात गेले. 2016मध्ये मोठ्या कंपन्यांनी तडजोड करून भरपाई दिली. ज्या कागदाने पोटावर पाय दिला त्याच कागदाने दावा उभा केला. आज हा अपवाद नसता तर अशा कामगाराचा वकील त्याच्या संघटनेचं नाव कागदावर लिहायलाही कचरला असता.

म्हणून अपवादाला माझी हरकत राहिली नाही. माझा सगळा जीव त्यातल्या एका शब्दात अडकला. आवश्यक. कायद्यात 'उपयोगी' लिहिलेलं नाही, 'सोयीचं' लिहिलेलं नाही. दाव्याला जेवढं लागतं तेवढंच.

कचेरीत बसून मी याच्या उलटच पाहिलं आहे. वाटणीच्या तंट्यात, घटस्फोटात, इन्व्हेंटरीच्या भांडणात माणसं एकमेकांची दुखणी कशी बाहेर काढतात ते! जमिनीच्या दाव्यात वहिनीच्या गर्भपाताचा कागद जोडलेला मी टाइप केलेल्या यादीत आहे, अनुक्रमांक घालून. कशाला हवा होता तो? कोणी विचारलं नाही. मीही नाही. 'जोडून ठेवा, कामाला येईल' हा आमच्या आवारातला मंत्र.

फ्रान्समधली एक केस याच जातीची. पतिपत्नीचा घटस्फोट, नवऱ्याच्या दारूचा प्रश्न. बायकोने नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसंबंधीचा वैद्यकीय कागद कोर्टात दिला, आणि कोर्टाने निकालात त्याचा आधार घेतला. नवरा स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. 2006च्या ऑक्टोबरात निकाल त्याच्या बाजूने लागला. कारण काय, तर साक्षीदारांच्या जबान्यांवरून फ्रेंच कोर्टाला त्याच निष्कर्षाला येता आलं असतं. तो कागद नसता तरी चाललं असतं. नवरा चांगला होता असं कोणी म्हटलं नाही. कागद अनावश्यक होता एवढंच. तो निकाल जीडीपीआरच्या आधीचा आणि वेगळ्या न्यायालयाचा, पण तराजू तोच. हे वाचलं त्या रात्री मला तो अनुक्रमांक आठवून झोप लागली नाही, हे कबूल करतो.

वकीलबाईंना मी भाच्याच्या नावाने एक मेल लिहून दिला. दुसऱ्या गठ्ठ्यात काय आहे हे न लिहिता विचारलं, की दाव्याशी संबंध नसलेले कागद असले तर ते समोरच्यांना द्यावेच लागतात का? उत्तर चार दिवसांनी आलं आणि सरळ होतं. मला सगळं दाखवा, त्याशिवाय मी सल्ला देऊ शकत नाही, पण मला दाखवणं म्हणजे त्यांना देणं नव्हे. काय आवश्यक आहे ते तुम्ही काय मागता यावर ठरेल. मागणी फक्त कंबरेची असेल तर हाडांचे कागद पुरेत. पण अपघातानंतर तुम्हाला झोप येत नाही, उंच फळ्यांखाली उभं राहायला भीती वाटते असं तुम्ही मला सांगितलं होतं. त्या मानसिक त्रासाचीही भरपाई मागायची असेल, तर पूर्वी मनाचे उपचार झाले होते का हा प्रश्न दाव्याचाच भाग होतो. मग तो गठ्ठा उघडावा लागेल.

पेच असा. भीती खरी होती. बहिणीला तो रात्री दोन वाजता फोन करायचा, नुसताच. त्या भीतीचे पैसे त्याला मिळायला हवे होते. पण ते मागायचे तर अकरा पानं विम्याच्या वकिलाच्या, त्यांच्या डॉक्टरच्या, त्यांच्या कारकुनाच्या टेबलावर जाणार.

मी त्याच्याशी तासभर वाद घातला. म्हटलं, त्यात लाज कसली? तू बरा झालास, आठ महिने एकट्याने जाऊन बरा झालास, मला तर अभिमान वाटला. इंग्रज माणसाने वाचलं म्हणून काय बिघडलं?

"इंग्रज नव्हे मामा. त्या कचेऱ्यांत आमचीच पोरं कामाला आहेत. इथे दुपारी शिंकलो तर रात्री आमच्या वाड्यावर 'देव बरें करूं' म्हणतात."

यावर मी काय बोलणार?

त्याने मानसिक त्रासाची मागणी सोडली. दुसरा गठ्ठा वकीलबाईंनी पाहिला, संबंध नाही असा शेरा मारला आणि तो तिथेच थांबला. हाडांचे कागद मी स्कॅन करून पाठवले. पाठवण्याआधी पानन् पान तपासलं. एका पानाच्या कोपऱ्यात 'मानसोपचार विभागाकडे पाठवले' अशी अर्धी ओळ होती. वकीलबाईंना विचारून ती काळी केली. अडतीस वर्षं कागदांवर शिक्के मारले, काळं करण्याचं काम पहिल्यांदाच.

कायद्याने आपलं काम चोख केलं असं कोणी म्हणेल. मला ते तितकं चोख वाटत नाही. झाकून ठेवण्याचा हक्क भाच्याला मिळाला, पण त्याची किंमत त्याच्याच खिशातून गेली. ज्याला झाकायचं काही नाही तो पूर्ण मागतो, ज्याला आहे तो कमी मागतो. आणि समोरच्या बाजूला हे पक्कं ठाऊक असतं. 'तुमचे आजवरचे सगळे वैद्यकीय कागद द्या' असं पत्र त्यांच्याकडून दोनदा आलं, ते काही अज्ञानातून नव्हे. कागद मागितल्यावर किती जण मागणी आवरती घेतात याचा हिशोब त्यांच्याकडे असणारच, असं आपलं मला वाटतं. वकीलबाईंनी दोन्ही वेळा लिहिलं, आवश्यक तेवढे दिले आहेत. मग तिसरं पत्र आलं नाही.

2024 साली तडजोड झाली. आकडा सांगण्यासारखा नाही, वाईटही नाही. भाच्याने त्यातून इथल्या घराची कौलं बदलली.

पैसे आल्यावर त्याने आणखी एक पत्र लिहिलं, या खेपेला स्वतःच, मला न विचारता. विमा कंपनीला. दावा मिटला, आता माझी सगळी माहिती पुसून टाका. पुसून घेण्याचा हक्क त्याच कायद्यात सतराव्या कलमात आहे. उत्तर नम्र होतं. त्याच कलमात, म्हणे, असंही आहे की दाव्यासाठी लागणारी माहिती पुसायची सक्ती नाही. पुढे या प्रकरणातून काही वाद निघालाच तर बचावाला लागेल म्हणून काही वर्षं ती आमच्याकडे राहील. मिटलेल्या दाव्याची सावली न उठलेल्या दाव्यापर्यंत पोचते ती अशी. "त्यांच्याकडे माझं मनगट आहे, कंबर आहे आणि गणपतीचा फोटो आहे," तो म्हणाला. "ठेवूं दी."

राहिला माझ्याकडचा गठ्ठा. तो माझ्या गोदरेजच्या कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांखाली होता. मी गंमत म्हणून पाहिलं, मला हा कायदा लागू होतो का. होत नाही. गोव्यापर्यंत तो पोचायचा प्रश्न सोडाच, पण अगदी लिस्बनमध्ये राहत असतो तरी माणसाच्या निव्वळ घरगुती व्यवहाराला हा कायदा हात लावत नाही असं दुसऱ्याच कलमात लिहिलं आहे. आपल्या देशाचा 2023चा कायदा आहे, त्यात आरोग्यासारख्या नाजूक माहितीचा वेगळा खणच नाही. शिवाय कपाटातला मामा तिथेही सुटतो.

दोन वर्षं बहीण अधूनमधून विचारत राहिली. "इस्पितळातून ते कसले कागद आणले होतेस रे?" मी म्हणायचो, "मनगटाचे." एकदा ती म्हणाली, "त्या म्हशीमुळे झालं सगळं." मी म्हटलं, "हो ना."

2025च्या मे महिन्यात भाचा सुट्टीवर आला. आंब्यांची पेटी घेऊन दुपारी घरी आला, जेवला, बाल्कांवात बसला. मी न बोलता गठ्ठा त्याच्या हातात दिला. त्याने तो उघडला नाही. मागच्या न्हाणीघराच्या चुलीवर संध्याकाळचं पाणी तापत होतं, तिकडे गेला. मी गेलो नाही. थोड्या वेळाने परत आला आणि विचारलं, "झेरॉक्स आहे?"

"होती. तीही त्यातच होती."

"आणि इस्पितळात?"

इस्पितळात मूळ गठ्ठा आहेच, त्याच खिडकीच्या आत. मी म्हटलं, "तिथे आहे."

"बरं," म्हणून तो आंबे धुवायला उठला.